बाबांकडे उरलेला शब्द

४ मार्च

टिल्ल्या,

पाकीट फाडलंस म्हणजे अर्धं काम झालं. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, मग म्हटलं कागदच पाठवू. कागद पायाशी येऊन पडला की माणूस वाकतोच. पत्ता कुठून काढला ते विचारू नकोस. तुझा तो जुना मित्र परवा माझ्या दुकानात चष्मा करायला आला होता. आणि डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवून बसवलेला माणूस पळून पळून जाणार कुठे?

आता नीट वाच. मला तुझ्याकडून काही नकोय. मदत नको, सल्ला नको, माफी तर नकोच नको. फक्त एका इंग्रजी शब्दाची माहिती हवी आहे, आणि ती माझ्या ओळखीत तुझ्याइतकी कोणाला असेल असं वाटत नाही.

बाबांना जानेवारीत झटका आला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. आता जिवाला धोका नाही. उजवा हात लुळा आहे, काठी धरून बाथरूमपर्यंत जातात. समजतं सगळं. वर्तमानपत्र समोर धरलं की वाचतात, कोणी काही येड्यासारखं बोललं की भुवई वर जाते, तीच जुनी भुवई. गेली ती वाचा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, घरीही जेवताना शिकवलं, आणि आता त्यांच्याकडे अख्खा एकच शब्द उरलाय. कोणता असेल, सांग बघू?

नाइस.

हसलास ना? हस. मीही हसले होते, दवाखान्याच्या जिन्यात, आणि मग तिथेच पायरीवर बसून रडले. ज्या माणसाने आपल्या निबंधांतला एकेक नाइस लाल शाईने गोल करून ठेवला, "ज्याला नीट बघायचा कंटाळा, तो नाइस लिहितो" असं उभ्या शाळेला ऐकवलं, त्याच्या तोंडात देवाने नेमका तोच ठेवावा? म्हणतात ना, नावडतीचं मीठ अळणी. इथे तर अख्ख्या ताटात तेवढं मीठच उरलंय.

त्यांना बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई येतात. आम्ही त्यांना बोलण्याच्या बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, असं होतं. सगळी भाषा वाहून जाते आणि एखादाच शब्द कुठेतरी अडकून राहतो. कोणाकडे शिवी उरते, कोणाकडे बायकोचं नाव. माणूस तो निवडत नाही, तोच आपोआप बाहेर पडतो.

तर बाबांचं सकाळपासून हेच चालतं. चहा दिला, नाइस. चहा सांडला, नाइस. डॉक्टरांना नाइस, दार आपटलं तरी नाइस. पण गंमत ऐक, दर वेळचा वेगळा आहे. मला ते ऐकून ऐकून आता खाजच सुटली आहे. तू तिकडे इंग्रजांच्या मुलखात दिवसभर लोकांचे केस कापतोस, आणि तिथल्या लोकांच्या तोंडी हा शब्द म्हणे उठता-बसता असतो. ते लोक तो कशाकशाला वापरतात, कसा वापरतात, मला जरा लिहून कळव. एवढंच.

ताई

२९ मार्च

टिल्ल्या,

वा रे वा! एवढं पान भरून लिहिलं, आणि तुझं उत्तर काय, तर एका कार्डावर तीन शब्द: "सगळ्यालाच नाइस म्हणतात." कार्डावर पुलाचं चित्र छान आहे. तू स्वतः मात्र तोंडाला कुलूप लावून बसलायस. घरात एक होते ते कमी पडले का?

असो. मी इकडे एक घोळ घालून ठेवलाय, तो ऐक.

बाबांची खोली तुला आठवते तशीच आहे, पलंग, टेबल आणि भिंतभर पुस्तकं. आता त्यात चाकांची खुर्ची आत घ्यायची तर वळायला जागा नाही. दिवसा बाबांचं करायला एक मामा येतात, वयाने बाबांपेक्षा थोडेच लहान, भले गृहस्थ. त्यांची पोटरी रोज त्या कपाटाच्या कोपऱ्याला सोलवटते. म्हणून मी बाबांना विचारलं, "बाबा, खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं शाळेला देऊन टाकू?" ते म्हणाले, "नाइस." मी म्हटलं, "नक्की ना?" "नाइस." मग काय, शाळेचा शिपाई खोकी घेऊन आला आणि पुस्तकं गेली.

संध्याकाळी घरी आले तर मामा दारातच उभे. म्हणाले, "ताई, सर काही बरे नाहीत." बाबा त्या रिकाम्या फळ्यांसमोर खुर्चीत बसले होते आणि बोलत होते. नाइस नाइस नाइस, थांबायचं नावच नाही, आणि डोळ्यांतून पाणी. टिल्ल्या, मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी शाळेत जाऊन हात जोडले, खोकी परत आणली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण सरांनी परवानगी दिली होती ना?" आता त्यांना काय सांगू? आम्ही सरांच्या तोंडचा शब्द कानाने ऐकला आणि डोकं वापरायचं विसरलो?

तेव्हा मला माझाच धंदा आठवला. चष्म्याचा नंबर काढताना मी गिऱ्हाइकाला कधी "दिसतंय का?" असं विचारत नाही. तसं विचारलं की अर्धे लोक भिडेखातर हो म्हणतात. मी दोन काचा दाखवते, "पहिली बरी की दुसरी?" आणि काही माणसं अशी असतात की त्यांना नेहमी दुसरीच बरी वाटते. म्हणून मग काचा गुपचूप उलट क्रमाने लावून परत विचारायचं. दोन्ही वेळा बोट त्याच काचेवर पडलं, तर खरं.

आता बाबांना मी असंच विचारते. एकच गोष्ट पुढे करून होय की नाही असं विचारायचं नाही. चहा की दूध? मग थोड्या वेळाने, दूध की चहा? आणि शब्द ऐकायचाच नाही, सूर ऐकायचा. हव्या त्या गोष्टीला नाइस खाली टेकतो, बसायला जागा मिळाल्यासारखा. नको त्याला वर लटकत राहतो. शाळेच्या त्या दिवशीचा लटकत होता, मला आता कळतंय.

पण हे सगळं माझं अंदाजपंचे. तिथली माणसं हा शब्द कसा बोलतात ते तू रोज ऐकतोस. मोठं लिही रे, उगाच एवढ्याशा कार्डाला तिकीट लावतोस.

ताई

२० एप्रिल

टिल्ल्या,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! पोस्टमन काय बघतोय माझ्याकडे, मी जिन्यातच वाचायला लागले.

काय काय ऐकतोस रे तू त्या खुर्चीमागे उभं राहून. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, यंदा सुट्टीत कुठे नाइस जागी जाणार का. त्याला कुठे जायचंय याच्याशी तुला काही देणंघेणं नाही आणि सांगण्याची त्यालाही हौस नाही, पण तो प्रश्न विचारल्याशिवाय कात्री चालवायची नाही, हे फार आवडलं मला. आणि "नाइस अँड शॉर्ट" म्हणजे नुसतंच आखूड, त्यात नाइसला काही कामच नाही, मान खाली घालून बसलेल्या माणसाने केवळ मऊपणासाठी तो घातलेला. आणि ती म्हातारी, जिच्या सुनेबद्दल विचारलं की नुसतं "शी'ज नाइस" म्हणते आणि गप्प होते, मग तुमच्या दुकानात सगळे आरशातून एकमेकांकडे बघतात! एका शब्दात सुनेचा पंचनामा. लहान मूल दुसऱ्याला चिमटा काढतं तेव्हा आई ओरडते "बी नाइस", म्हणजे तो शब्द दम द्यायलाही चालतो. आणि कोणी पाण्याचा पेला पाडला की "नाइस वन." आपण "शाब्बास!" म्हणतो की नाही, अगदी तसं. मी काल मामांच्या हातून बशी फुटली तेव्हा म्हणून पाहिलं, चांगलं लागू पडलं.

मीही गप्प बसले नाही. बाबांचा तो जाडजूड शब्दकोश काढला, जो उचलताना तुझ्या पायावर पडला होता तो. त्यात काय निघालं असेल? हा शब्द मुळात शिवी होता! शेकडो वर्षांपूर्वी त्याचा अर्थ मूर्ख, अडाणी. मग नाजूक झाला, मग नको तितका काटेकोर, मग बारकाईचा, आणि घसरत घसरत आत्ताचा गोडगोड. सूक्ष्म फरकाला अजूनही नाइस म्हणतात म्हणे, शिकलेली माणसं. मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मूर्ख म्हटल्यावर त्यांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "नाइस." आणि हसले. माझ्याकडे बघून, तोंड वाकडं करून, पण हसले.

तुझं पत्रही वाचून दाखवलं. रागावू नकोस. कोणाचं आहे ते मी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या दोन ओळींतच त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि मग पत्र संपेपर्यंत वळवलेलीच ठेवली. म्हातारीच्या सुनेचं आलं तेव्हा हसताना ठसका लागला. मामांनी पाठ चोळली.

शेवटचं पान मात्र मी वाचून दाखवलं नाही. ते माझ्यासाठी होतं.

मला सगळं आठवतं, टिल्ल्या. तू तिकडचं कॉलेज सोडून सलूनमध्ये लागल्याचं कळवणारं इंग्रजी पत्र, खास त्यांच्यासाठी मेहनतीने लिहिलेलं. नाइस जॉब, नाइस पीपल, नाइस रूम. तू वाट बघत होतास की ते चिडतील, नाहीतर खूश होतील. आणि त्यांनी काय केलं, तर लाल शाईने सगळे नाइस गोल केले, समासात "नक्की कसं?" असं लिहिलं आणि तुझंच पत्र तुला परत पोस्टाने पाठवलं. बाकी एक अक्षर नाही. मला कळलं तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. जगात दुसऱ्या कुठल्या बापाला हे सुचलं असतं, सांग? बाप असा आणि त्यावर रुसून इतकी वर्षं बसणारा लेक असा. दोघांना एकाच साच्यातून काढलंय.

आणि आता तू विचारतोस, "ताई, त्यांना मी हवा आहे का? तुझ्या पदरचं घालू नकोस. ते खरंच काय म्हणतात तेवढं सांग. हो असेल तर बघू, नाही असेल तर नाही."

ठीक आहे. शोधून काढते. माझ्या पदरचं घालणार नाही, शब्द देते.

ताई

१२ मे

टिल्ल्या,

तुला शब्द दिलाय म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आधी तयारी केली. रोज वेगवेगळ्या गोष्टी विचारून सूर पक्के केले. खिडकी उघडी की बंद, बातम्या की गाणी, मामांनी दाढी करायची की मी. (माझ्या हातच्या दाढीला असा लटकता नाइस मिळाला की मामा तोंड फिरवून हसले.) बोलण्याच्या बाईही म्हणाल्या, "तुम्ही बरोबर करताय, फक्त तुम्हाला हवा तो अर्थ ऐकू नका." बाईंना माणसं कळतात.

मग रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, नाक-डोळे पुसून झाल्यावर विचारलं. "बाबा, टिल्ल्याला बोलवू, की नको बोलवू?"

नाइस.

खाली टेकलेला नाही, लटकलेला नाही. सपाट. खिडकीकडे बघत. मी अर्धा तास थांबले. "नको बोलवू, की बोलवू?" परत तसाच सपाट. मंगळवारी परत. गुरुवारी मामांना विचारायला लावलं, म्हटलं माझ्या आवाजात आशा ऐकू येत असेल. तेच.

दुकानात असं झालं, गिऱ्हाईक दोन्ही काचा सारख्याच म्हणालं, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर नंबर अगदी बरोबर जुळलाय. नाहीतर माणूस बघायचाच थांबलाय, दमलाय. हे दोन मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ओळखते. बाबांच्या तोंडाकडे बघून मला ओळखता आलं नाही. ते खिडकीकडे बघत होते.

मनातलं सांगू? मला इतका राग आला. हो तर हो, नाही तर नाही, एकदाचं काहीतरी म्हणा ना! सगळ्या गावच्या शब्दांचा अर्थ विचारत बसलात जन्मभर, "नक्की कसं, नक्की कसं", आणि आता माझ्यावर वेळ आली तर खिडकीकडे बघता? असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. मामा चहाचे कप उचलून निघून गेले. बाबांनी माझा हात धरला, डाव्या हाताने. पण ते माझ्यासाठी होतं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी ते तुला पाठवणार नाही.

तर माझ्या हातून निकाल लागत नाही. आता एकच उपाय आहे, तूच विचार. मी तुझा आवाज काढू शकत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, तुझं दुकान बंद असतं म्हणालास, तेव्हा फोन कर. मी तो स्पीकरवर लावून त्यांच्यासमोर धरीन आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही. तू विचार, तू ऐक, आणि ठरव. सूर कसे ओळखायचे ते तुला कळलंच आहे. तुझे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

ताई

३१ मे

टिल्ल्या,

फोन ठेवलास! मी तेव्हापासून बारा वेळा लावला असेल, उचलत नाहीस. उचलू नकोस. पण हे वाच, नाहीतर मी मेले तरी तुला माफ करणार नाही.

तुला तिकडे फक्त शांतता ऐकू आली. मला दिसत होतं, ते सांगते.

तू "बाबा, मी बोलतोय" म्हणालास आणि ते पलंगावर सरळ झाले. पाठीला उशी असूनही सरळ झाले. तू हवापाण्याचं बोललास, तुझ्या सलूनच्या नव्या आरशांचं बोललास, ते श्वास न घेता ऐकत होते. मग तू विचारलंस, "मी येऊ का?"

त्यांचं तोंड उघडलं. जीभ वर टाळूला लागली. नाइस येतच होता, रोज शंभरदा बघते मी, तो कसा निघतो मला पाठ आहे. आणि टिल्ल्या, त्यांनी तोंड मिटलं. डावा हात उचलून ओठांवर दाबून धरला, गच्च, जसं कोणी दुसऱ्याचं तोंड दाबतं. मामांनीही पाहिलं. मामांना विचार. शब्द बाहेर येऊ बघत होता आणि ते त्याला येऊ देत नव्हते. बोटं पांढरी पडली होती.

मी का नाही बोलले? कारण मी शब्द दिला होता, अवाक्षर काढणार नाही म्हणून! मी हात जोडून तुझ्या फोनकडे बघत होते, थांब रे, थांब रे, आणि तू म्हणालास, "बरं. कळलं. ठेवतो."

काय कळलं तुला? काय कळलं, सांग?

त्या क्षणी तू सगळ्यात जास्त वेळ थांबायला हवं होतंस, आणि तू नेमका तेव्हा घाईत होतास. चूक तुझी नाही, तुला दिसत नव्हतं. पण मला आत्ता तुझा इतका राग येतोय की तू समोर असतास तर कानफटात मारली असती आणि मग जेवायला वाढलं असतं.

उचल फोन.

ताई

३ जून

टिल्ल्या,

बाबा परवापासून काहीच बोलत नाहीत. नाइससुद्धा नाही. चहा दिला तरी गप्प, सांडला तरी गप्प. ओठ मिटलेले. मला वाटलं दुसरा झटका आला. डॉक्टर घरी येऊन गेले, पाय बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाले तसं काही दिसत नाही. बोलण्याच्या बाई आल्या. त्या बराच वेळ त्यांच्यासमोर नुसत्या बसल्या आणि जाताना जिन्यात म्हणाल्या, "घाबरू नका. ही माणसं त्या एका शब्दाला जोवर अडवू शकत नाहीत तोवर दुसरा येत नाही. सर अडवताहेत."

मी म्हटलं, "आणि दुसरा आलाच नाही तर?"

त्या म्हणाल्या, "तर हाही गेला."

घर इतकं शांत आहे की फ्रिजचा आवाज येतो. मला कंटाळा यायचा त्या नाइसचा. आता वाटतं, एकदा म्हणा.

ताई

१० जून

टिल्ल्या,

काल सकाळी मी तुझा नंबर परत लावला. स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला आणि बाबांच्या उशीचा अभ्रा बदलायला लागले, कारण तू उचलणार नाहीस हे मला ठाऊकच होतं. मामा गरम पाणी आणायला गेले होते. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, मग फोनमधली ती बाई नेहमीसारखी म्हणाली की संपर्क होत नाही, आणि बंद झाला.

बाबा फोनकडे बघत होते. त्यांचं तोंड हलायला लागलं. नाइससारखं नाही, वेगळंच, जबडा खाली ओढल्यासारखा. मी अभ्रा हातात घेऊन तशीच उभी राहिले. घशातून आधी नुसता घरघराट आला, मग एक लांब "ए" आला, आणि मग त्यांनी डोळे मिटून, सगळा जोर लावून म्हटलं.

"ये."

बंद फोनला म्हणाले. मराठीत म्हणाले. मग डोळे उघडून परत म्हणाले, "ये." दुसऱ्यांदा थोडा सोपा गेला. मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. मामा पाण्याची बादली घेऊन दारात आले, तेही रडायला लागले, काय झालंय ते न कळताच.

इथेच पत्र संपवलं असतं तर किती बरं झालं असतं. तू बॅग भरली असतीस. पण तू म्हणाला होतास, पदरचं घालू नकोस. म्हणून पुढचं लिहिते.

त्यानंतर बाबा मामांना "ये" म्हणाले. दुपारी दूधवाल्याला म्हणाले. बोलण्याच्या बाई आल्या, त्यांना दारात म्हणाले ते ठीक, पण त्या निघाल्या तेव्हाही म्हणाले. खिडकीत मांजर येऊन बसतं त्याला म्हणतात. मी त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, औषधाचा चमचा धरून उभी असते, तरी मला म्हणतात, "ये." आज सकाळी चहाला म्हणाले. मधूनच जुना नाइसही परत आलाय, दोघं आलटून पालटून. बाईंनी स्पष्टच सांगितलं, "नवा शब्द मिळाला की तो सगळीकडे लावतात. लगेच अर्थ लावू नका."

मी तरी लावून पाहिला. राहवतं का? काचा उलट्यासुलट्या केल्या. तुझं नाव घेऊन विचारलं, न घेता विचारलं, तुझा फोटो धरला, मांजराच्या जागी बशी धरली. सगळ्याला "ये." पहिला तुझ्या फोनला होता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण तो तुला होता, की आठ दिवस अडवून धरल्यावर समोर जे होतं त्याला होता, हे मी सांगू शकत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. त्यांना स्वतःला तरी ते सांगता येईल की नाही, कोण जाणे. झटका येण्याआधी सगळे शब्द होते, तेव्हा तरी कुठे सांगता आलं होतं?

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तू मला चार पानं लिहिलीस, मग दोन लिहिलीस, फोनची वेळ कळवलीस, आणि सगळीकडे एकच विचारलंस, त्यांना मी हवा आहे का, त्यांना मी हवा आहे का. मला एकदाही विचारलं नाहीस. मीही मूर्ख, पहिल्याच पत्रात ठोकून दिलं की मला काही नकोय, फक्त शब्दाची माहिती हवी. मोठी आले माहितीवाली!

टिल्ल्या, मी दमले आहे. दिवसभर दुकानात लोकांना विचारते, हे बरं की ते बरं, आणि घरी येऊन तेच विचारते. रात्री जेवताना बोलायला कोणी नसतं. तुझी चार पानं मी इतक्यांदा वाचली आहेत की त्या म्हातारीची सून रस्त्यात भेटली तर ओळखीन. तू आलास तर बाबांना काय वाटेल ते तुझं तू त्यांच्यासमोर बसून बघ, चांगलं वर्षभर बघत बस. मला काय वाटेल ते मात्र मी आत्ता सांगते, त्यासाठी सूर ओळखायची गरज नाही.

मला तू हवा आहेस.

बाबांचं "ये" दूधवाल्याला आहे, मांजराला आहे, चहाला आहे, कदाचित तुलाही आहे. माझं दुसऱ्या कोणालाच नाही. विमानतळावर घ्यायला मला जमणार नाही, दुकान असतं. तूच ये.

ताई